हॅरिस साहेबांचा शेरा आणि गांधीजींचं निवेदन : मुंबईच्या पंचरंगी क्रिकेटची गोष्ट

आजचा विषय तसा वादाचा आहे. एखादा मोठा माणूस खेळाबद्दल काही बोलतो, त्यात धर्म येतो किंवा वंश येतो, आणि मग महिनाभर तेच चघळलं जातं. हे आजचंच आहे असं आपल्याला वाटतं. तसं नाही. आपल्या मुंबईत १९४० च्या डिसेंबर महिन्यात असं एक बोलणं झालं होतं आणि बोलणारे होते खुद्द गांधीजी. त्यावरून इथला एक जिमखाना अक्षरशः दुभंगला.

आधी काळ लक्षात घेऊ. मार्च १९४० मध्ये लाहोरला मुस्लिम लीगचा ठराव झालेला. ऑक्टोबरमध्ये वैयक्तिक सत्याग्रह सुरू झाला, पहिले सत्याग्रही विनोबा. नेहरू तुरुंगात गेले, पाठोपाठ सरदार पटेल गेले. तिकडे लंडनवर बाँब पडत होते. आणि इकडे मुंबईत, ब्रेबर्न स्टेडियमवर, पंचरंगी सामन्यांची तयारी चालली होती. आमच्या तरुण श्रोत्यांसाठी सांगतो, पंचरंगी म्हणजे पाच संघांची स्पर्धा. हे पाच संघ कुठले? हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन आणि ‘रेस्ट’, म्हणजे उरलेले. शहरांचे नाहीत, प्रांतांचे नाहीत, कॉलेजांचे नाहीत. धर्माचे आणि वंशाचे. आणि ही त्या काळी हिंदुस्थानातली सर्वांत लोकप्रिय क्रिकेट स्पर्धा होती, बरं का. रणजी करंडक १९३४ पासून सुरू झालेला होता, पण त्याला अशी गर्दी नव्हती.

सत्याग्रही तुरुंगात असताना हा उत्सव कशाला, अशी कुजबुज सुरू झाली. तेव्हा हिंदू जिमखान्याची काही मंडळी वर्ध्याला गेली आणि त्यांनी गांधीजींनाच विचारलं. गांधीजींनी निवेदन दिलं. त्याचा आशय असा : पुढारी अटकेत आहेत, जग युद्धाने होरपळतंय, अशा वेळी ही करमणूक मला पसंत नाही. इथवर ठीक. पण पुढे ते आणखी एक गोष्ट बोलले. कॉलेजांचे, संस्थांचे सामने मी समजू शकतो. पण हिंदू, पारशी, मुसलमान असे संघ का असतात, हे मला कधीच कळलेलं नाही. खेळाच्या भाषेत आणि खेळाच्या रीतीत अशी विभागणी वर्ज्य असायला हवी. मुंबईकरांनी आपली खेळाची संहिता सुधारून असे सामने त्यातून काढून टाकावेत. जीवनाचं एखादं तरी क्षेत्र जातीय भावनेपासून मोकळं राहू नये का?

आता बघा, यात दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. ‘आत्ता खेळू नका’ ही एक. ‘असं कधीच खेळू नका’ ही दुसरी. पहिली त्या महिन्यापुरती, दुसरी कायमची. एकाच निवेदनात दोन्ही आल्या आणि पुढचा सगळा गोंधळ त्यातून झाला. ज्यांना स्पर्धा हवी होती ते म्हणाले, हे काँग्रेसचं राजकारण आहे, उद्या सत्याग्रह संपला की हेही संपेल. ज्यांना नको होती त्यांनी दुसरा भाग उचलला. हिंदू जिमखान्याची सभा भरली, जोरदार वाद झाला, मतदान झालं. स्पर्धेतून माघार घ्यावी, या बाजूने २८० मतं. विरुद्ध २४३. गांधीजींचा शब्द, तोही १९४० सालात, आणि फरक सदतीस मतांचा! आम्हांला हा आकडा फार बोलका वाटतो. पुस्तकांतून आपण वाचतो की महात्माजी बोलले आणि देश उभा राहिला. इथे तसं झालेलं नाही. हिंदू जिमखान्याच्याच जवळजवळ निम्म्या सभासदांनी नम्रपणे नाही म्हटलं.

गांधीजींना क्रिकेटमधलं काय कळतं, असाही सूर तेव्हा निघाला. ते काही अगदीच खोटं नाही. राजकोटच्या शाळेत हेडमास्तर दोराबजी गिमी यांनी कसरत आणि क्रिकेट सक्तीचं केलं होतं, आणि आपल्याला त्याचा कंटाळा होता हे गांधीजींनी आत्मकथेत स्वतःच लिहिलेलं आहे. तो कंटाळा चूक होता, असंही तिथेच कबूल केलंय. १९३३-३४ मध्ये एमसीसीचा संघ इकडे आला तेव्हाची एक गंमत सांगतात. विजय मर्चंट यांच्या बहिणीच्या वहीत एका पानावर त्या इंग्रज संघाच्या सोळा खेळाडूंच्या सह्या होत्या. गांधीजींनी त्याच पानावर, सतरावे म्हणून, आपली सही ठोकली. असो.

पण त्यांचं ते वाक्य, ‘असे संघ का असतात हे मला कधीच कळलेलं नाही’, ते आपण जरा धरून ठेवू. कारण त्याचं उत्तर आहे. ते सरकारी कागदांत आहे, आणि ते समजून घ्यायला आपल्याला जवळपास पन्नास वर्षं मागे जावं लागेल.

मुंबईत क्रिकेट पहिल्यांदा उचललं पारशी मंडळींनी. १८४८ मध्ये त्यांचा ओरिएंट क्लब निघाला. १८८६ आणि १८८८ मध्ये त्यांचे संघ विलायतेला जाऊन आले, आणि १८९० च्या जानेवारीत त्यांनी व्हर्नन यांच्या इंग्लिश संघाला मुंबईत हरवलं. म्हणजे खेळ येत होता. अडचण जागेची होती. एस्प्लनेडच्या मैदानावर देशी पोरं खेळायची, आणि तिथेच युरोपियन साहेब पोलो खेळायचे. घोड्यांच्या टापांनी खेळपट्टीची काय अवस्था होत असेल ते तुम्हीच बघा. साहेबांना खेळायला स्वतःचा बाँबे जिमखाना होता १८७५ पासून, आणि तिथे हिंदी माणसाला सभासद होता येत नव्हतं. अर्ज झाले, विनंत्या झाल्या. १८९० मध्ये हजारावर सह्यांचा अर्ज गव्हर्नरकडे गेला : पोलो दुसरीकडे न्या. हे गव्हर्नर म्हणजे लॉर्ड हॅरिस. केंटचे आणि इंग्लंडचे माजी कर्णधार. क्रिकेटच्या माणसाला क्रिकेटवाल्यांचं दुःख कळेल, अशी अपेक्षा असणार. अर्ज फेटाळला गेला.

दोन वर्षांनी मुसलमान खेळाडूंचा अर्ज आला, आम्हांला जिमखान्यासाठी जागा द्या. पारशांना समुद्रकाठची जागा आधीच मिळालेली होती. तेव्हा हॅरिस साहेबांनी फायलीवर जो शेरा मारला, तो आमच्या मते या सगळ्या प्रकरणाचं मूळ आहे. त्याचा मतलब असा की या अर्जदारांना नाही कसं म्हणायचं ते दिसत नाही. पण प्रत्येक ‘नॅशनॅलिटी’चा एकेक प्रतिष्ठित जिमखाना झाला की पुढे एक इंचही जागा द्यायची नाही. जो कोणी मागायला येईल त्याला सांगायचं, तुझ्या लोकांसाठी जागा ठेवलेली आहे, तिथे जा.

बघा हं. अर्ज फेटाळला गेला १८९० चा, तेव्हा अर्जदार होते ‘देशी क्रिकेटपटू’, सगळे मिळून. अर्ज मंजूर झाला १८९२ चा, तेव्हा अर्जदार होते एका धर्माचे. यातून कुणी काय शिकायचं? एकत्र मागितलं तर मिळत नाही, वेगळं मागितलं तर मिळतं. मग हिंदूंनीही मागितलं, परमानंददास जीवनदास यांच्या देणगीतून १८९४ मध्ये हिंदू जिमखाना उभा राहिला. मरीन ड्राइव्हवरून आज जाताना पारशी, इस्लाम, हिंदू असे जे जिमखाने ओळीने दिसतात, ती ओळ म्हणजे तो शेराच आहे, गवतावर लिहिलेला.

साहेबांनी मुद्दाम फूट पाडली असं आम्ही म्हणणार नाही. ते म्हणणं सोपं आहे आणि टाळ्याही मिळतात. मुंबईतले क्लब आधीपासूनच जातवार होते. हिंदूंच्यातही प्रभू वेगळे, सारस्वत वेगळे, गुजराती वेगळे. एकत्र जेवायची पंचाईत, तिथे एकत्र क्लब कुठला? सरकारने आहे त्या भिंतींना सातबारा दिला, इतकंच. पण सातबारा झाला की भिंत हलत नाही, हे आपल्याला गावाकडच्या अनुभवावरून माहीत आहे.

याच हॅरिस साहेबांनी पुढे १९२१ मध्ये आठवणींचं पुस्तक लिहिलं. त्यात हिंदी क्रिकेटबद्दल त्यांचं मत असं, की इंग्रज माणूस थंड डोक्याचा, धीराचा. आशियाई माणूस चटकन उत्तेजित होणारा, म्हणून तो आमची बरोबरी करणं कठीण. म्हणजे खेळातला फरक सरावाचा नाही, मैदानाचा नाही, रक्ताचा. ज्यांनी पोलोचे घोडे मैदानावरून हटवायला नकार दिला, त्यांनी हे लिहावं! पाच वर्षांनी, डिसेंबर १९२६ मध्ये, एमसीसीविरुद्ध बाँबे जिमखान्यावर सी. के. नायडूंनी १५३ धावा केल्या, अकरा षटकारांसह. त्याच महिन्यात एस. पी. कॉलेजात संस्कृत शिकवणाऱ्या दि. ब. देवधरांनी १४८ केल्या, त्या मात्र थंड डोक्याने. दोन्ही प्रकार आमच्याकडे होते, एवढंच सांगायचं.

तर स्पर्धा वाढत गेली. आधी युरोपियन विरुद्ध पारशी. १९०७ मध्ये हिंदू आले, तिरंगी झाली. १९१२ मध्ये मुसलमान आले, चौरंगी. १९३७ मध्ये रेस्ट आले, पंचरंगी.

इथपर्यंत ऐकून तुम्ही म्हणाल, मग गांधीजींचं शंभर टक्के बरोबर होतं. आम्हीही बरीच वर्षं असंच समजत होतो. पण मध्ये एक माणूस येतो आणि हिशेब अवघड करतो. बाळू पालवणकर.

मूळ गाव कोकणातलं पालवण, वडील पलटणीत, जात चर्मकार. पुण्यात युरोपियन लोकांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टीची राखण करायची, जाळी लावायची, आणि साहेब लोकांना सरावासाठी चेंडू टाकायचे. डावखुरा फिरकी गोलंदाज. सराव देता देता असा तयार झाला की पुण्याच्या हिंदू क्लबासमोर प्रश्न पडला : साहेबांना हरवायचं तर हा पाहिजे, आणि हा तर अस्पृश्य! शेवटी घेतला. मैदानावर सगळे एकच चेंडू हाताळायचे. चहाची वेळ झाली की बाकीच्यांना आत कपबशी, आणि बाळूंना बाहेर, मातीच्या भांड्यात. न्यायमूर्ती रानड्यांनी जाहीर सभेत म्हटल्याची नोंद आहे, की ज्यांना यांच्याबरोबर खेळता येतं त्यांना यांच्याबरोबर खाता-पिताही आलं पाहिजे. मोठ्या माणसाचं खेळावरचं हेही एक भाष्यच. त्यावर मात्र कुणी मतदान घेतलं नाही.

बाळू मुंबईला आले, हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले, मागोमाग भाऊ शिवराम. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवलं आणि त्यात या भावांचा मोठा वाटा होता. ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ने तेव्हा लिहिलं त्याचा रोख असा, की या दोघांना संघात घेणं हीच मोठी घटना आहे. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांबरोबर संघ विलायतेला गेला. संघ हरत राहिला, पण बाळूंनी ११४ बळी घेतले. इतकं होऊनही त्यांना हिंदू संघाचं कर्णधारपद कधी मिळालं नाही. १९२० मध्ये त्यांना वगळलं आणि भावांचा हक्कही डावलला, तेव्हा विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर पत्रक काढून अंग काढून घेतलं. मोठा गाजावाजा झाला. अखेर १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले, संघ जिंकला, आणि ज्यांच्या घरात त्यांना पाणी मिळालं नसतं अशा लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं. विठ्ठलरावांनी ‘माझे क्रीडा-जीवन’ म्हणून मराठीत आठवणी लिहिल्या आहेत, १९४८ सालच्या. मिळाल्या तर जरूर वाचा.

आता आमचा मुद्दा असा. संघावर ‘हिंदू’ अशी पाटी होती म्हणूनच बाळू-विठ्ठलना विचारता आलं, की आम्ही हिंदू आहोत की नाही? असलो तर कर्णधार का नाही? प्रांताचा संघ असता तर हा प्रश्न इतक्या टोकदारपणे उभा राहिला नसता. जी स्पर्धा धर्माधर्मांत भिंत घालत होती, तीच एका धर्माच्या आतली भिंत पाडायला भाग पाडत होती. गांधीजी अस्पृश्यतेविरुद्ध ज्या काळात देशभर बोलत होते, नेमक्या त्याच काळात. त्यांच्या १९४० च्या निवेदनात याचा मागमूस नाही. आम्ही हे दोष म्हणून सांगत नाही, पण ‘कारण कळलं नाही’ म्हणणाऱ्याने बाळूंना बोलावून विचारायला हरकत नव्हती. ओळख तर होतीच! बाळू पुणे कराराच्या सह्या करणाऱ्यांपैकी एक. आणि १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसने उभे केलेले उमेदवार. समोर कोण, तर डॉ. आंबेडकर. डॉक्टरांना १३,२४५ मतं, बाळूंना ११,२२५. ज्या गोलंदाजाने साहेबांचे बळी घेतले तो बाबासाहेबांसमोर उभा केला गेला, याचं आम्हांला आजही वाईट वाटतं.

रेस्ट संघाचंही असंच. ज्यांना कुठल्याच रकान्यात बसवता येत नव्हतं ते सगळे इथे, देशी ख्रिस्ती, अँग्लो-इंडियन, ज्यू. सांगलीचे विजय हजारे मराठी ख्रिस्ती, म्हणून रेस्टकडून. १९४३ च्या मोसमातला हिंदूंविरुद्धचा अंतिम सामना ऐका. हिंदूंच्या ५ बाद ५८१, मर्चंट नाबाद २५०. रेस्ट सगळे बाद १३३. फॉलोऑन. दुसऱ्या डावात रेस्टच्या ३८७, आणि त्यातल्या ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या. भाऊ विवेक यांच्याबरोबर तीनशेची भागी, त्यात विवेकच्या २१. सामना तरीही हरला. लहानपणी आम्ही हे आकडे तोंडपाठ म्हणायचो, अर्थ न कळता.

म्हणजे स्पर्धा चालूच राहिली होती, हे तुमच्या लक्षात आलं असेल. १९४० मध्ये हिंदू बाहेर राहिले, मुसलमान संघ जिंकला. पुढच्याच वर्षी हिंदू परत आले. १९४२ मध्ये ‘चले जाव’मुळे स्पर्धा झाली नाही, पण त्यानंतर तीन मोसम झाली. विरोधही थांबला नाही. ब्रेलवींच्या ‘बाँबे क्रॉनिकल’ने लावून धरला होता. एक मुसलमान संपादक आणि एक महात्मा एका बाजूला, आणि दुसऱ्या बाजूला मुंबईची तिकीट काढणारी जनता. पैशाची बाजूही विसरू नका. जिमखाने या सामन्यांच्या उत्पन्नावर चालत. १९३७ मध्ये ब्रेबर्न नवं होतं तेव्हा हिंदू जिमखान्याने स्पर्धेतून अंग काढून घेतलं होतं. कारण तत्त्व नव्हे, जागांची वाटणी.

खेळाडूंचं म्हणणं काय, तर मैदानावर कटुता नसते, बाहेरचा विष आमच्या माथी का मारता? याला पुरावा म्हणून १९४४ चा अंतिम सामना सांगितला जातो. मुसलमान संघाला जिंकायला २९८ हव्या होत्या. के. सी. इब्राहिम सलामीला आले आणि शेवटपर्यंत नाबाद राहिले, १३७. एक गडी राखून विजय. हरलेल्या संघाचे मर्चंट मुसलमान खेळाडूंच्या खोलीत गेले, आणि त्यांचं मनापासून अभिनंदन केलं, असं सांगतात. हे खरं मानायला आम्हांला काही अडचण नाही. दोन वर्षांत याच शहरात काय झालं, तेही आपल्याला माहीत आहे. खोलीतली मिठी खरी आणि रस्त्यावरचे सुरेही खरे. खेळाडू एकमेकांशी कसे वागले हा प्रश्नच नव्हता. पोरगं पेपर उघडून ‘हिंदू जिंकले, मुसलमान हरले’ असं रोज वाचतं, त्याचं काय होतं, हा प्रश्न होता. आणि तो गांधीजींनी बरोबर ओळखला होता, असं आमचं मत. बोलले ते उशिरा, आणि युद्ध व सत्याग्रह यांच्या गाठोड्यात बांधून बोलले. १९२३ मध्ये विठ्ठलरावांना खांद्यावर घेतलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी बोलले असते तर? इतिहासात जर-तर करू नये म्हणतात. आम्ही केलं.

दुसरा रस्ता उपलब्ध होता का? होता, आणि तोही त्याच हिवाळ्यात. १९४०-४१ मध्ये रणजी करंडकात पुण्याला महाराष्ट्र विरुद्ध मुंबई सामना झाला. देवधर तेव्हा पन्नाशीला टेकलेले. त्यांनी २४६ धावा केल्या, आणि महाराष्ट्राने लागोपाठ दुसऱ्या वर्षी करंडक जिंकला. त्या महाराष्ट्र संघात विजय हजारेही खेळले होते. म्हणजे एकच माणूस : पुण्यात महाराष्ट्राचा, मुंबईत ‘उरलेल्यां’चा.

१९४६ च्या फेब्रुवारीत शेवटची पंचरंगी झाली आणि मग ती बंद पडली. त्या वर्षी देशात जे पेटलं त्यानंतर धर्मावर संघ पाडायची कुणाची छाती नव्हती. सदतीस मतांच्या फरकाने जे ठरलं आणि वर्षभरात मोडलं, ते शेवटी अशा रीतीने अमलात आलं. बाळू पालवणकर १९५५ मध्ये गेले. हॅरिस साहेबांचं नाव मात्र मुंबईच्या शाळाशाळांत अजून घेतलं जातं, हॅरिस शिल्ड म्हणून. १९८८ मध्ये सचिन आणि विनोदने ६६४ धावांची भागी केली ती याच स्पर्धेत.

वेळ संपत आली. पुढच्या व्याख्यानात देवधर आणि रणजीची सुरुवातीची वर्षं घेऊ. तोवर कुणाकडे विठ्ठलरावांच्या पुस्तकाची प्रत असेल तर कृपया कळवा, आमची प्रत फार जीर्ण झाली आहे.